सर म्हणतात, फक्त पी व्हॅल्यू काढून दे

पत्र (थोडं छोटं करून देतेय):

"काकू, मी कोपरखैरण्याला राहते, वय २७, स्टॅटिस्टिक्समध्ये एमएससी केलंय आणि तीन वर्षं नवी मुंबईतल्या एका मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात स्टॅटिस्टिशियन आहे. थिसिसचा सीझन आला की रेसिडेंट डॉक्टर पेनड्राइव्ह घेऊन येतात, मॅडम उद्या सबमिशन आहे तेवढी पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही निदान एवढा फरक नुसत्या योगायोगाने दिसण्याची शक्यता) काढून द्या. ती ०.०५ च्या खाली नाही आली तर त्यांचे गाईड, म्हणजे सर, सांगतात बायका-पुरुष वेगळे कर, शुगरवाले वेगळे कर, कुठेतरी येईल. आत्तापर्यंत नऊ पेपर छापून आले, एकातही माझं नाव नाही, दोनात शेवटी आभार आहेत. मागच्या महिन्यात एका डेटात नव्या ट्रीटमेंटच्या पेशंटचे ॲडमिट राहण्याचे दिवस कमी दिसत होते, मी बघितलं तर त्या कमी दिवसवाल्यांतले काही जण वारलेले होते. सरांना सांगितलं तर म्हणाले तू डॉक्टर आहेस का. असो. आता ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत ऑफर आहे, क्रेडिट कार्डांचा डेटा, पगार जवळजवळ दुप्पट. बाबा वाशी मार्केटला माथाडी होते, गुडघे गेले म्हणून आता घरीच असतात, घर माझ्यावर आहे. ते विचारतात तू डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, मग हॉस्पिटलात नेमकं करतेस काय, आणि मला खरंच सांगता येत नाही. सोडू का?"

अगं, पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तू "असो" म्हणून सोडून दिलीस. नऊ पेपर, नाव, पगार हे सगळं बोलू आपण, पण आधी त्या वारलेल्या पेशंटकडे येऊया, कारण तुझ्या बाबांना द्यायचं उत्तर तिथेच आहे.

पाच-पाच पेशंटचा हिशोब करून बघ, आकडे मी मनाने घेतलेत. जुन्या ट्रीटमेंटचे पाच जण ८, ९, ९, १० आणि ९ दिवस राहून घरी गेले, सरासरी ९ दिवस. नव्या ट्रीटमेंटचे पाच जण २, ३, ९, १० आणि ११ दिवस राहिले, सरासरी ७. आता कुणीही म्हणेल की वा, दोन दिवस वाचले, खाटा लवकर मोकळ्या झाल्या, नवी ट्रीटमेंट चांगली. पण ते २ आणि ३ दिवसवाले दोघं जण घरी गेलेच नाहीत, ते गेले. जे बरे होऊन घरी गेले त्यांची सरासरी १० आहे, म्हणजे जुन्यापेक्षा एक दिवस जास्तच. एक्सेलच्या खान्यात मात्र "डिस्चार्ज" आणि "डेथ" दोन्हींच्या तारखा सारख्याच दिसतात आणि वजाबाकी केली की मरण हेसुद्धा लवकर डिस्चार्ज म्हणून मोजलं जातं. हे तुला दिसलं. गाईडला नाही, रेसिडेंटला नाही, तुला. उद्या तो पेपर वाचून दुसऱ्या कुठल्यातरी गावातला डॉक्टर तीच ट्रीटमेंट चालू करणार असेल तर मधे उभी असलेली एकटी तूच होतीस, आणि तू काय करतेस ते तुला सांगता येत नाही म्हणतेस?

आणि एक लक्षात ठेव, सर उद्या म्हणतील बरं मग ते वारलेले काढून टाक आणि उरलेल्यांची सरासरी घे. तसंही करायचं नाही. वारलेले वगळले की फक्त तगलेल्यांची तुलना होते आणि मुख्य प्रश्न गायबच होतो. आधी दोन्ही गटांतले मृत्यू मोजून मांडायचे, मग डिस्चार्जपर्यंतचे दिवस बघताना मृत्यूला डिस्चार्जच्या आड येणारी वेगळी घटना म्हणून धरायचं, तुला ती पद्धत येते, एमएससीला शिकलीयेस.

मी स्वतः ३० वर्षं याच कामात काढली, ठाण्यात राहून मुंबईच्या गाड्या धरत. अगदी सुरुवातीची गोष्ट सांगते, हॉस्पिटलचं नाव सांगत नाही. नवजात बाळांच्या वजनांचा डेटा माझ्याकडे आला होता, हजारभर बाळं, आणि आलेख काढला तर २५०० ग्रॅमवर एकदम सुळका, २४०० च्या घरात जवळजवळ कुणीच नाही. बाळं अशी ठरवून जन्माला येत नाहीत. साहेब म्हणाले असेल काहीतरी, पुढे चला. मी पुढे गेले नाही, प्रसूतीच्या वॉर्डात जाऊन दोन दुपार उभी राहिले. काट्याचा जुना वजनकाटा होता, १०० ग्रॅमच्या खुणा, आणि २५०० च्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात म्हणून जास्तीचा फॉर्म भरायचा, डॉक्टरांना बोलवायचं, आणि ड्यूटीवर एक सिस्टर आणि तिच्यापुढे सात-आठ बाळंतिणी. काटा २४०० आणि २५०० च्या मधे थरथरत असला की ती २५०० लिहायची. तिचं काही चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण त्या अभ्यासातून कमी वजनाची बाळं किती हे काढायचं होतं, आणि ज्या बाळांना जास्त जपायला हवं होतं नेमकी तीच आकड्यातून निसटत होती. आम्ही नवा काटा मागितला, फॉर्म अर्ध्या पानाचा केला, सुळका गेला. यात पी व्हॅल्यू कुठेच नव्हती बघ.

"तू डॉक्टर आहेस का" याला उत्तर म्हणून एक माणूस सांगते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, पण पहिल्या महायुद्धात विमानदलात असताना त्याला टीबी झाला, बरीच वर्षं अंथरुणात गेली, डॉक्टरकी राहिली, आणि पडल्यापडल्या त्याने पोस्टाने लंडन विद्यापीठाची अर्थशास्त्राची पदवी घेतली. पुढे तो मेडिकल स्टॅटिस्टिक्समधला मोठा माणूस झाला. १९४० च्या दशकात टीबीवर स्ट्रेप्टोमायसिन आलं तेव्हा ब्रिटनकडे औषध अगदी थोडं होतं, सगळ्यांना पुरणारच नव्हतं. मग कुणाला द्यायचं? डॉक्टर स्वतः निवडायला बसले की कळत-नकळत एका गटात बरे होण्यासारखे पेशंट जास्त पडतात, त्यात वाईट हेतू असतो असं नाही, माणसाचा हात तसाच वळतो. हिलने काय केलं, रॅंडम आकड्यांवरून वाटणी ठरवून चिठ्ठ्या बंद पाकिटांत ठेवल्या, पेशंट अभ्यासात घ्यायचा हे नक्की झाल्यावरच पाकीट उघडायचं. एकूण १०७ पेशंट, ५५ जणांना औषध आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती, म्हणजे तेव्हाची नेहमीची ट्रीटमेंट. एक्स-रे बघणाऱ्यांना कुठला एक्स-रे कुणाचा ते सांगितलं नव्हतं. सहा महिन्यांत औषधवाल्यांतले ४ वारले आणि दुसऱ्या गटातले १४. १९४८ साली हे छापून आलं आणि औषध तपासायची पद्धतच बदलली, आज जगात कुठेही ट्रायल होते ती त्या पाकिटांच्या वाटेने होते. औषध शोधणारे वेगळे, देणारे डॉक्टर वेगळे, पण ते खरंच लागू पडतं की नाही हे ज्या रचनेमुळे कळलं ती रचना एका स्टॅटिस्टिशियनची. ज्या रोगाने त्याला डॉक्टर होऊ दिलं नाही त्याच रोगावर.

माझ्या आजोबांच्या पिढीत टीबी म्हणजे मिरज नाहीतर शिवडी, माणूस घरातून उचलून न्यायचे आणि भांडी वेगळी करायचे. ते बदलायला ज्या गोष्टी कारणीभूत झाल्या त्यात मद्रासचा अभ्यास फार वरचा आहे. १९५६ मधे तिथे टीबीच्या औषधोपचारांचं केंद्र काढलं, वॉलेस फॉक्स नावाचे डॉक्टर प्रमुख होते, आणि प्रश्न साधा होता, औषधं तीच दिली तर सॅनेटोरियममधे ठेवलेला पेशंट आणि खोपटातल्या घरी राहिलेला पेशंट यांच्यात फरक पडतो का? १९३ पेशंट, चिठ्ठ्या टाकून दोन गट. घरचे पेशंट गरीब, जागा कोंदट, खाणं बेताचं. तरी एक वर्षाने निकाल जवळपास सारखा, आणि नंतरही घरच्यांकडे लक्ष ठेवलं तेव्हा घरी ट्रीटमेंट घेणाऱ्यांमुळे कुटुंबाला जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. १९५९ मधे हे प्रसिद्ध झालं. आज तुमच्या सेक्टरमधल्या टीबीच्या पेशंटला घरी राहून गोळ्या घ्यायला मिळतात, नोकरी टिकते, त्याच्यामागे हे १९३ जण आहेत आणि त्यांना नीट वाटणारी, नीट मोजणारी माणसं आहेत.

आणि इथलंच बघायचं तर टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधे केलेला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा अभ्यास. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका. व्हिनेगरमधे असतं ते ॲसिटिक ॲसिड लावून बघायची स्वस्त तपासणी, करणाऱ्या डॉक्टर नाहीत तर ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविका. पण एकेका बाईची चिठ्ठी टाकून चालत नाही, एकाच चाळीत एकीला तपासायचं आणि शेजारणीला नाही हे जमणारच नाही, त्या एकमेकींशी बोलणार. म्हणून चिठ्ठ्या वस्त्यांच्या टाकल्या, २० गट, १० इकडे १० तिकडे. आता एका वस्तीतल्या बायका एकमेकींसारख्या असतात, त्यामुळे माणसं हजारो असली तरी खरी माहिती तेवढी मिळत नाही, संख्या वाढवावी लागते, ती किती वाढवायची हा हिशोब कुणाचा? तुझ्यासारख्यांचा. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्के कमी निघाले. ज्या गटाला तपासणी मिळाली नाही त्यांच्यावरून पुढे वादही झाला, आणि तो व्हायला हवा होता असं माझं मत आहे, कारण चिठ्ठी टाकली म्हणून समोरच्या बाईबद्दलची जबाबदारी संपत नाही. हेही आपल्याच टेबलावरचं काम.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव तुझ्या पिढीला कितपत माहीत आहे कोण जाणे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, १९११ चा जन्म, स्टॅटिस्टिशियन. गरिबांच्या आहारात प्रोटीनच कमी आहे असं सगळं जग म्हणत होतं तेव्हा ते म्हणाले की मूळ तुटवडा पोटभर अन्नाचा आहे, कॅलरीचा आहे. माणसाची रोजची गरज एकच एक आकडा नसते यावरून नंतर त्यांचा अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी मोठा वाद झाला. कोण बरोबर ते बाजूला ठेव, पण तुम्ही आहारतज्ज्ञ आहात का असं म्हणून त्यांना कुणाला गप्प बसवता आलं नाही.

आता ते "शुगरवाले वेगळे कर, कुठेतरी येईल". यावर सरांना १९८८ चा एक अभ्यास दाखव, आयसिस-२ नावाचा, हार्ट ॲटॅकचे १७,१८७ पेशंट, ॲस्पिरिनने मृत्यू स्पष्ट कमी झाले. जर्नलवाल्यांनी मागितलं की वेगवेगळ्या गटांत फोडून दाखवा. अभ्यास करणाऱ्यांनी, त्यात रिचर्ड पीटो हे मोठे स्टॅटिस्टिशियन होते, सांगितलं की असं फोडलं की खोटे फरक दिसतात, आणि ते पटावं म्हणून पेशंटना जन्मतारखेवरून राशींत फोडून छापलं. मिथुन आणि तूळ राशीवाल्यांना ॲस्पिरिनचा फायदाच दिसेना, बाकीच्यांना भरपूर. आता मिथुन राशीच्या पेशंटला ॲस्पिरिन द्यायची नाही का? भाषण करत बसू नकोस, ते एक पान समोर ठेव, डॉक्टर मंडळी हुशार असतात, पटकन समजतं त्यांना.

आता नावाचं. नाव मागणं म्हणजे मिरवणं नाही, त्यामुळे संकोच सोड. मेडिकल जर्नलांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई, तिचे लेखक कुणाला म्हणायचं याचे नियम आहेत, बहुतेक चांगली जर्नलं ते मानतात. अभ्यासाची आखणी किंवा डेटा गोळा करणं किंवा विश्लेषण यात भरीव वाटा, लेखन किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा, शेवटच्या मसुद्याला मान्यता, आणि कामाची जबाबदारी घ्यायची तयारी, हे चारही लागतात. तुझी अडचण दुसऱ्या पायरीवर होते, तुला मसुदाच दाखवत नाहीत, मग म्हणतात तू लेखनात नव्हतीस. पण त्याच नियमांत लिहिलंय की ज्याचा पहिला वाटा आहे त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी मिळायला हवी. म्हणजे संधी न देता वगळणं बसत नाही. आणि आभार मानायचे तर त्या माणसाची लेखी परवानगी घ्यावी असाही सल्ला आहे, ते दोन आभार तुला विचारून छापले होते का? मुद्दा असा की जिथे तुझं नाव आहे तिथे तुला "हे असं छापता येणार नाही" म्हणायचा हक्क येतो. आज तुझं नाव नाही म्हणून तर सर तुला "असो" म्हणायला लावू शकले.

मग करायचं काय. त्या पेपराबद्दल सरांशी परत तोंडी बोलू नकोस, मेल कर. दोन तक्ते जोड, एक आहे तसा, एक मृत्यू वेगळे दाखवणारा. भाषा साधी ठेव, साधारण अशी: "सर, नव्या गटातल्या कमी दिवसांच्या पेशंटमधे काही मृत्यू आहेत, सोबत यादी जोडली आहे. सरासरी दिवस देण्याआधी दोन्ही गटांतले मृत्यू दिले नाहीत तर रिव्ह्यूअर विचारेलच. मी विश्लेषण नव्याने करून आणि त्याचा भाग लिहून देते. आपण डॉक्टर आहात म्हणून विचारते, या मृत्यूंची कारणं केसपेपरवरून बघता येतील का?" हे शेवटचं वाक्य मनापासून लिही, कारण ते मृत्यू ट्रीटमेंटमुळे की आधीच फार आजारी पेशंट त्या गटात गेले म्हणून, हे तुला एकटीला नाही कळणार, तिथे डॉक्टरच लागतो. हा अभ्यास ट्रायल असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, त्याची नोंद शोध, २००९ पासून आपल्याकडे ट्रायलची नोंदणी सक्तीची आहे, मुख्य निष्कर्ष कशावर काढणार हे तिथे आधीच लिहून द्यावं लागतं आणि ते कुणालाही वाचता येतं. एवढं करूनही तसंच छापायला निघाले तर आभारातून नाव काढा असं लेखी कळव आणि तुमच्या एथिक्स कमिटीच्या सेक्रेटरीला भेट. अवघड आहे, मला माहितीये, पण पेशंटचा प्रश्न आहे. मूळ एक्सेल फाइल हात न लावता तारखेसकट वेगळी ठेव आणि जे काही करशील त्याचा कोड जपून ठेव, अमेरिकेत कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोघांनी एका गाजलेल्या कॅन्सर संशोधनाचे आकडे परत तपासले तर जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकलेली निघाली, आणि त्या संशोधनावरून पेशंटना केमो ठरवण्याच्या ट्रायल चालू होत्या, त्या २०१० मधे बंद झाल्या. एक ओळ गं.

दुसरं, डिपार्टमेंटच्या हेडना सांग की थिसिसवाल्यांनी पेनड्राइव्ह घेऊन शेवटी यायच्या ऐवजी सिनॉप्सिसच्या वेळी, म्हणजे थिसिसचा आराखडा देताना, यावं, आठवड्याला एक दुपार मी मोकळी ठेवते. तेव्हा मुख्य प्रश्न एकच ठरवायचा, किती पेशंट लागतील ते काढायचं, मधेच सोडून गेलेल्यांचं आणि वारलेल्यांचं काय करायचं ते लिहून ठेवायचं, आणि नाव कुणाकुणाचं हेही त्याच कागदावर.

बाबांना तू हे सगळं सांगू नकोस, त्यांना कांद्याचं पोतं आठवायला सांग. वर निवडक कांदा लावलेला असतो, आतला माल वेगळा असतो, म्हणून जाणता माणूस वरचा कांदा बघून भाव लावत नाही, मधून हात घालतो, दोन-चार पोती उलटी करतो. म्हणावं बाबा, डॉक्टर औषधाचं पोतं आणतात आणि मी ते उलटं करून बघते. ज्यांनी आयुष्यभर ती पोती पाठीवर घेतली त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं समजेल.

राहिला ऐरोलीचा प्रश्न. खरं मत सांगते, सोडायचंच तर हे हॉस्पिटल सोड, मेडिकलचं काम एवढ्यात सोडू नकोस. सहा महिने दे, वरच्या दोन गोष्टी करून बघ, एखादा जरी गाईड सिनॉप्सिसच्या वेळी आला तर समज दार उघडलं. नाही आला तर ठाणे-नवी मुंबईत क्लिनिकल रिसर्चच्या कंपन्या आहेत, खारघरला टाटाचं कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आहे, आणि देवनारला लोकसंख्येच्या अभ्यासाची संस्था आयआयपीएस, वाशीहून हार्बर धरलीस की गोवंडीला उतरायचं, तिथे पीएचडीचं विचारून ये. पण घर तुझ्यावर आहे हे मी विसरलेले नाही. बाबांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय का, खर्च किती, कधी, हे या आठवड्यात विचारून घे, आणि तो आकडा तुझ्या आत्ताच्या पगारात बसत नसेल तर ऐरोली बिनधास्त घे, त्यात काही कमीपणा नाही, २७ ला गेलेली ३० ला परत येऊ शकते. फक्त जाण्याआधी ती मेल पाठव. सर काय म्हणाले ते मला कळव.